नाजूक स्वीपर

नाजूक स्वीपर म्हणजे पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतीतला असा फिजिकल (म्हणजे ‘अटॅक’ या आकड्यावर चालणारे वार करणारा) आक्रमक, ज्याचा स्पीड आणि अटॅक भरपूर असतो, पण मार सोसायची ताकद जवळपास नसते. तो समोरच्याच्या आधी वार करतो आणि शक्यतो एकाच वारात त्याला पाडतो. ते जमलं नाही तर उलटा वार येतो आणि बहुतेक वेळा त्याचा खेळ तिथेच आटोपतो. खेळाडूंच्या बोलण्यात याला ‘ग्लास कॅनन’ असंही म्हणतात. वीव्हाइल, मेगा बीड्रिल, फेरोमोसा, बारास्क्यूडा ही त्याची ठळक उदाहरणं. टोकाचं उदाहरण हवं असेल तर डीऑक्सिसचं अटॅक रूप आहे: मूळ अटॅक १८०, डिफेन्स फक्त २०.

आकड्यांची बाजू

प्रत्येक पोकेमॉनचे सहा मूळ आकडे असतात: एचपी (जीव), अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. वीव्हाइलचे हे आकडे अनुक्रमे ७०, १२०, ६५, ४५, ८५ आणि १२५ आहेत. त्यावर खेळाडूला ५१० ईव्ही (आकडे वाढवायचे गुण) वाटता येतात, एका आकड्यावर जास्तीत जास्त २५२. नाजूक स्वीपरच्या बाबतीत ही वाटणी ठरलेलीच असते: २५२ अटॅकवर आणि २५२ स्पीडवर. एचपीवर ईव्ही घालून त्याला टणक करायचा मोह काहींना होतो. त्यातून तो टणक होत नाहीच, वर हळू होतो.

विचार करायला लागतो तो नेचरचा, म्हणजे पोकेमॉनच्या स्वभावाचा. जॉली नेचरने स्पीड दहा टक्के वाढतो, अडॅमंटने अटॅक तेवढाच वाढतो, आणि दोन्हींत घटतो तो स्पेशल अटॅक, ज्याचा याला उपयोगच नसतो. लेव्हल १०० ला जॉली वीव्हाइलचा स्पीड ३८३ आणि अटॅक ३३९ होतो. अडॅमंट घेतला तर स्पीड ३४९ आणि अटॅक ३७२. ३७२ बघून नवा खेळाडू खूश होतो. पण गेंगार, लॅटिओस आणि लॅटियास यांचा मूळ स्पीड ११० आहे आणि स्पीडचा नेचर दिला की ते बरोबर ३५० वर येतात. वीव्हाइल डार्क आणि आइस प्रकारांचा, आणि त्याचे डार्क वार या तिघांनाही दुप्पट लागतात, म्हणजे ज्यांना मारायला त्याला संघात घेतलं, त्यांच्यासमोरच तो एका अंकाने मागे पडतो.

अटॅकचा प्रत्येक अंक थोडाफार तरी कामी येतो. स्पीडचं तसं नाही. समोरचा ३५० वर असेल तर ३५१ आणि ३८३ यांत काही फरक नाही, आणि ३४९ असून नसल्यासारखा. दोघांचा स्पीड अगदी सारखा निघाला तर आधी कोण मारणार हे दैवावर. म्हणून अनुभवी खेळाडू ‘किती फास्ट’ असं न विचारता ‘कोणापेक्षा फास्ट’ असं विचारतात. निंजास्कचा मूळ स्पीड १६० आहे, पण अटॅक ९० वरच थांबतो. एवढ्या स्पीडचा मोठा भाग कोणाच्याच पुढे जायला लागत नाही आणि वार मात्र हलका पडतो, त्यामुळे थेट मारामारीसाठी त्याला फारसं कोणी घेत नाही.

एक लढत

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका घरात दोघे भाऊ समोरासमोर मोबाइल घेऊन खेळताहेत असं धरू. धाकट्याकडे जॉली वीव्हाइल, थोरल्याकडे जॉली गारचॉम्प, दोघांचेही अटॅक आणि स्पीड पूर्ण भरलेले. गारचॉम्पचा स्पीड ३३३, म्हणून धाकटा निर्धास्त असतो. गारचॉम्पच्या ड्रॅगन आणि ग्राउंड या दोन्ही प्रकारांना आइस दुप्पट लागतो, म्हणजे वार चौपट. तो ट्रिपल ॲक्सल हा आइस वार दाबतो, आणि गारचॉम्प त्याच्या आधी अर्थक्वेक मारून मोकळा होतो. ‘अण्णा, तुझा आधी कसा काय गेला?’ ‘स्कार्फ आहे बे.’ चॉइस स्कार्फ या आयटमने (पोकेमॉनला जवळ बाळगायला दिलेल्या वस्तूने) स्पीड दीडपट होतो, म्हणजे ३३३ चा ४९९.

आता हिशोब पाहू. एचपीवर काहीही खर्च न केलेल्या वीव्हाइलचा एचपी २८१ असतो. गारचॉम्पचा अर्थक्वेक त्याला कमीत कमी २३२ आणि जास्तीत जास्त २७४ लागतो. म्हणजे एचपी पूर्ण असेल तर वीव्हाइल काठावर का होईना वाचतो आणि उलट वार करतो. पण मैदानात आधीच स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड) टाकलेले असतील तर आत येतानाच त्याचा पाव एचपी जातो, कारण आइस प्रकाराला रॉक दुप्पट लागतो. ७० गेले, २११ उरले, आणि २३२ हा त्या वाराचा सर्वांत कमी आकडा आहे. क्रिटिकल हिट (नशिबाने बसणारा जास्तीचा जड फटका) सोडला तर या लढतीचा निकाल वीव्हाइल आणि गारचॉम्प समोरासमोर यायच्या कितीतरी आधी, दगड पडले त्याच वेळी लागलेला असतो.

धाकट्याने आइस शार्ड मारायला हवा होता, असं बघणारा कोणीतरी म्हणेलच. या मूव्हला प्राधान्य असल्यामुळे स्कार्फ असो वा नसो, ती आधी लागते. पण तिची पॉवर ४० च आहे. आयटमशिवाय तिने ३५७ एचपीच्या गारचॉम्पचे २६४ ते ३१२ जातात, तो मरत नाही. चॉइस बँड बांधला असता तर अटॅक दीडपट होऊन कमीत कमी ३८८ गेले असते आणि अण्णांचा गारचॉम्प जागीच पडला असता. फक्त बँड बांधला की पहिली निवडलेली मूव्हच पुढे मारत राहावी लागते, बाहेर पडेपर्यंत. समोरच्याने आइस सोसणारा स्टील प्रकार आत आणला की वीव्हाइल आइस शार्डवरच अडकून बसतो.

मैदानात आणणे

या पोकेमॉनची खरी कसोटी वार करताना लागत नाही, आत येताना लागते. कबड्डीतला हलका चढाईपटू जसा पकडीत सापडला की संपला, तसाच हा. त्याने कधी जायचं हे बाकीच्यांनी ठरवायचं असतं. चालू पोकेमॉन बदलून याला आत आणलं तर त्या पाळीतला वार यालाच खावा लागतो, आणि एक वार म्हणजे अनेकदा सगळा जीव.

सर्वांत निर्धोक वाट म्हणजे आपला एखादा पोकेमॉन पडल्यावर याला आणणे, कारण तेव्हा समोरच्याला फुकटचा वार मिळत नाही. आधीचा साथीदार ज्याच्या हातून पडला, त्याला लगेच मारण्याच्या या कामाला ‘रिव्हेंज किल’ म्हणतात. मात्र दर वेळी एक गडी देऊन दुसरा आणायचा हा महागडा सौदा आहे. त्याहून चांगली वाट यू-टर्न, व्होल्ट स्विच किंवा फ्लिप टर्न या मूव्हची. त्या मारणारा पोकेमॉन वार करून लगेच मागे फिरतो आणि दुसरा आत येतो. इथे गंमत अशी की हा मागे फिरणारा जितका हळू तितकं बरं: समोरच्याचा वार आधी तो खातो, मग स्वतः यू-टर्न मारतो, आणि स्वीपर अंगावर ओरखडा न येता मैदानात उतरतो. जलद स्वीपरसाठी संघात मुद्दाम हळू पोकेमॉन बाळगतात, हे नव्या खेळाडूला सांगून पटत नाही.

तिसरी वाट ओळखण्याची. समोरचा सायकिक वार करणार असं वाटलं तर वीव्हाइलला बिनधास्त आणता येतं, कारण डार्क प्रकाराला सायकिक लागतच नाही. अंदाज चुकला तर बोंब.

त्याबरोबर दगड साफ ठेवायचं काम येतं. रॅपिड स्पिन किंवा डीफॉग असलेला साथीदार नसेल तर खेळांच्या आठव्या पिढीत आलेले हेवी-ड्यूटी बूट्स घालावे लागतात. त्यांनी स्टेल्थ रॉक, स्पाइक्स वगैरे काहीच लागत नाही. बूट्स घातले की बँड गेला, लाइफ ऑर्बही गेला. लाइफ ऑर्बने वार सुमारे तीस टक्के वाढतो आणि दर वेळी एकूण एचपीचा दहावा हिस्सा जातो, म्हणजे मुळातच अशक्त पोकेमॉन स्वतःलाही पोखरत राहतो. फोकस सॅश एचपी पूर्ण असताना प्राणघातक वारातून १ एचपीवर वाचवतो, म्हणून सुरुवातीला पाठवायच्या पोकेमॉनला तो शोभतो. एक दगड लागला तरी तो निकामी.

माझ्या मते या पोकेमॉनला घाईने खर्च करणं ही सर्रास दिसणारी खोड आहे. पहिल्याच पाळीला तो पुढे येतो, एखाद्याला जखमी करतो आणि जातो. खरं तर समोरच्याचे जाडजूड वॉल (मार सोसणारे पोकेमॉन) साथीदारांनी झिजवून ठेवावेत आणि याने शेवटच्या चार-पाच पाळ्यांत येऊन उरलेसुरले आवरावेत. स्वोर्ड्स डान्स मारून अटॅक दुप्पट करण्याचा बेतही तेव्हाच फळतो, कारण त्यासाठी एक पाळी मोकळी मिळावी लागते आणि लढतीच्या सुरुवातीला ती कोणी देत नाही.

बंदोबस्त

याला थांबवायचे मार्ग अनेक आणि बहुतेक स्वस्त. मॅक पंच, बुलेट पंच, एक्स्ट्रीम स्पीड अशा प्राधान्याच्या मूव्ह स्पीडची पर्वा करत नाहीत. वीव्हाइलला फायटिंग चौपट लागतो, त्यामुळे ४० पॉवरचा मॅक पंचही त्याला पुरेसा होतो. पॅरालिसिस सातव्या पिढीपासून स्पीड निम्मा करतो. ३८३ चा १९१ झाला की हा पोकेमॉन कोणाच्याच कामाचा राहत नाही. बर्न फिजिकल वार निम्मा करतो आणि समोरच्याच्या इन्टिमिडेट या क्षमतेने अटॅक दोन-तृतीयांशावर येतो.

रॉकी हेल्मेटचा विषय वेगळा काढायला हवा. हे घातलेल्याला स्पर्श करून मारलं की मारणाऱ्याचा सहावा हिस्सा एचपी जातो, आणि हा हिशोब प्रत्येक फटक्याला होतो. ट्रिपल ॲक्सलचे तीन फटके बसले तर वीव्हाइलचा अर्धा एचपी स्वतःच्याच मूव्हने गेला. याच तीन फटक्यांमुळे ती मूव्ह समोरच्याचा फोकस सॅशही फोडते, म्हणून ती टाकवत नाही.

इतिहास

१९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळांत स्पीडला आजच्यापेक्षा जास्त मान होता, कारण क्रिटिकल हिटची शक्यता मूळ स्पीडवरून ठरायची. ११५ स्पीडच्या पर्शियनचा स्लॅश जवळजवळ प्रत्येक वेळी क्रिटिकल बसे. दुसऱ्या पिढीत हा नियम गेला. त्याच पिढीत आलेल्या स्नीझलची मोठी कुचंबणा झाली: अटॅक ९५, स्पीड ११५, पण त्या काळी वार फिजिकल की स्पेशल हे प्रकारावरून ठरत असे आणि डार्क, आइस दोन्ही स्पेशल धरले जात. त्याच्या ३५ स्पेशल अटॅकने कोणाचं काय बिघडणार?

२००६ च्या डायमंड आणि पर्लने हे बदललं. प्रत्येक मूव्ह स्वतंत्रपणे फिजिकल किंवा स्पेशल ठरू लागली आणि त्याच खेळांत स्नीझलचा वीव्हाइल झाला. पण चॉइस स्कार्फ, फोकस सॅश, लाइफ ऑर्ब आणि स्टेल्थ रॉक ही सगळी मंडळीही त्याच पिढीतली. नाजूक स्वीपरचं शस्त्र आणि त्याचा काळ एकदमच जन्मले म्हणायचे. पुढे सहाव्या पिढीत नॉक ऑफ या डार्क मूव्हचा वार जड झाला, २०२० मध्ये ट्रिपल ॲक्सल आली. २०२२ च्या नवव्या पिढीत गारांच्या हवामानाची जागा बर्फाने घेतली आणि बर्फ पडत असताना आइस प्रकाराचा डिफेन्स दीडपट होऊ लागला. वीव्हाइलसारख्याला हा टेकू कामाचा आहे.

डबल्स

अधिकृत स्पर्धा दोन-दोन पोकेमॉनच्या असतात: सहांतून चार निवडायचे, लेव्हल ५०. तिथे फॉलो मी मारणारा जोडीदार नाजूक स्वीपरवरचे वार स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. उलट, समोरच्याने टेलविंड मारला तर त्याच्या संघाचा स्पीड दुप्पट होतो, आणि ट्रिक रूम पडली की पाच पाळ्या हळू असणारेच आधी मारतात. मग वीव्हाइलचा स्पीडच ओझं होतो.

सोलापूर आणि पोकेमॉन गो

सोलापुरातले खेळणारे बरेचसे विद्यार्थी आहेत आणि खेळ चालतो तो पोकेमॉन शोडाउन या मोफत सिम्युलेटरवर, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये. गप्पा मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी यांच्या नेहमीच्या मिसळीत. मूव्हची नावं तेवढी इंग्रजीच. यांतल्या अनेकांची ओळख पोकेमॉन गोपासून झालेली असते, जो भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने फिरून स्नीझल पकडून त्याचा वीव्हाइल केलेला मुलगा शोडाउनवर आला की सुरुवातीला गोंधळतो, कारण गोमध्ये अटॅक, डिफेन्स आणि स्टॅमिना एवढेच आकडे आहेत, स्पीड नाहीच. दोघांनी एकाच क्षणी चार्ज्ड मूव्ह टाकली तर तिथे ज्याचा अटॅक जास्त त्याची आधी लागते. त्यामुळे गोवरून आलेले खेळाडू अडॅमंट नेचर डोळे झाकून घेतात, आणि गेंगार समोर आला की ३४९ आणि ३५० चा हिशोब त्यांना पहिल्यांदा कळतो.