आमचे काळे डबे ओतून टाकू नका : सोसायटीतल्या सगळ्यांसाठी माहिती

नमस्कार. आम्ही तुमच्या सोसायटीतल्या मच्छरांचा बंदोबस्त बघणारे पेस्ट कंट्रोलवाले. तुमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली, पंपरूमच्या मागे, गार्डनच्या कोपऱ्यात मच्छरांची अंडी मोजायला आमचे छोटे काळे प्लास्टिकचे डबे ठेवलेले आहेत. प्रत्येकावर नंबर आहे, आत थोडं पाणी आणि एक खरखरीत पट्टी. जून लागला की आमचा फोन या डब्यांवरूनच वाजायला लागतो. "तुम्ही मच्छर मारायला येता की पाळायला?" असं कोणी विचारलं तर आम्हाला राग येत नाही. महापालिकेची माणसं दारोदार येऊन सांगतात पाणी साठवू नका आणि इकडे आम्हीच पाणी ठेवून जातो, मग माणूस विचारणारच. म्हणून हे लिहून देतोय, एकदा शांतपणे वाचा आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना, वॉचमनना, सफाईवाल्या दादांनाही सांगा, कारण डबे बहुतेक वेळा त्यांच्याच हातून रिकामे होतात.

डेंगीचा मच्छर म्हणजे एडिस इजिप्ती. त्याची मादी पाण्यात अंडी सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते. काळोखी जागा, काळा रंग, खरखरीत पृष्ठभाग हे तिला आवडतं, म्हणून डबा काळा आणि पट्टी खरखरीत. आमचा मुलगा दर आठवड्याला ठरलेल्या वारी येऊन पट्टी काढून नेतो, दुसरी लावतो, डबा घासून पाणी बदलतो. मुंबईच्या हवेत अंड्यापासून उडता मच्छर व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, त्याच्या आत आमची पट्टी निघालेली असते, आणि शिवाय पाण्यात अळी मारणाऱ्या औषधाचे दाणे टाकलेले असतात. म्हणजे चुकून दोन दिवस उशीर झाला तरी डब्यातून मच्छर उडत नाही.

पट्टी दुकानात आणून भिंगाखाली धरली की काळे, लांबट, चकचकीत दाणे दिसतात, खसखशीपेक्षाही बारीक, तीच अंडी. एका ठिकाणी दोन-चार, दुसऱ्या ठिकाणी वीस-पंचवीस, कारण ही बाई सगळी अंडी एका जागी घालत नाही, चार भांड्यांत वाटून घालते. ते दाणे मोजून आम्ही डब्याच्या नंबरसमोर लिहितो. पाच डब्यांवर काही नाही आणि सहाव्यावर गर्दी, असं झालं की त्या सहाव्याच्या आसपास कुठेतरी पाणी साठतंय हे कळतं. हा मच्छर फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, त्यामुळे शोधायची जागा छोटी होते आणि आख्ख्या सोसायटीत औषध मारत बसावं लागत नाही.

आता ज्या एका चुकीमुळे आमचा आणि तुमचाही सगळ्यात जास्त वेळ जातो ती सांगतो. कोणीतरी डबा बघतं, "अरे पाणी साचलंय" म्हणून ओतून टाकतं आणि डबा उलटा करून ठेवतं. हेतू चांगला असतो. पण त्या आठवड्याचा आकडा गेला, आणि आमच्या वहीत शून्य लिहायचं की रिकामं सोडायचं हाही प्रश्न, कारण शून्य म्हणजे मच्छर नाही आणि रिकामं म्हणजे माहीत नाही, या दोन्हींत फार फरक आहे. त्यातून पट्टी जर कुंडीत किंवा गवतात फेकली तर ती अंडी मरत नाहीत. सुकलेली अंडी कित्येक महिने तशीच टिकतात आणि पहिल्या चांगल्या पावसात भिजली की त्यातून अळ्या निघतात. म्हणजे आम्ही मोजायला गोळा केलेली अंडी तुमच्याच गार्डनमध्ये पेरल्यासारखी झाली.

गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीत (नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत) सलग तीन आठवडे चार नंबरचा डबा उलटा मिळाला. कमिटीतल्या एका काकांनीच सफाईवाल्याला तसं सांगून ठेवलं होतं. तोपर्यंत बी विंगमधून सकाळी मच्छर चावतात अशा तक्रारी चालूच, आणि आम्ही जिने, डक्ट, टाकी सगळं दोनदा पालथं घातलं. चौथ्या आठवड्यात डबा जागेवर मिळाला, पट्टी काळी पडली होती अंड्यांनी. तिथून मोजून वीस पावलांवर पार्किंगमध्ये एक बंद पडलेली स्कूटर, तिच्यावर निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या घड्यांमध्ये वाटीभर पाणी, त्यात अळ्या वळवळत होत्या. ताडपत्री काढून झटकली, घासली, विषय संपला. हे तीन आठवडे आधी झालं असतं.

हीच गोष्ट घरच्या भांड्यांनाही लागू. मोरीतला पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, शोभेच्या बांबूचा ग्लास, हे नुसतं ओतून परत भरलं तर कडेची अंडी तशीच राहतात. आठवड्यातून एकदा काथ्याने किंवा ब्रशने आतली कड घासायची, मगच भरायचं.

दुसरा नेहमीचा प्रश्न, विशेषतः पेपरात काही आलं की, "तो नवीन विदेशी मच्छर आपल्याकडे आलाय का?" आणि सोबत व्हॉट्सअॅपवर चिरडलेल्या मच्छराचा फोटो. फोटो पाठवता ते चांगलंच आहे, पण चापट मारलेल्या मच्छराच्या अंगावरचे खवले निघून जातात आणि ओळख तर त्याच खवल्यांवरून होते. इजिप्तीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना कोयत्यासारख्या वाकलेल्या पांढऱ्या रेषा असतात. दुसरा एडिस, अल्बोपिक्टस, ज्याला टायगर मच्छर म्हणतात, त्याच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ. दोघेही काळे, दोघांच्याही पायांवर पांढरे पट्टे, दोघेही दिवसा चावतात. म्हणून मच्छर ग्लासाखाली पकडा, खालून कागद सरकवा, डबीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग आमच्या माणसाकडे द्या. नुसत्या अंड्यांवरून या दोघांतला फरक सांगणं कठीण असतं, म्हणून गरज वाटली तर आम्ही पट्टी सुकवून परत पाण्यात घालतो आणि बंद जाळीत मच्छर काढून बघतो. त्याला आठ-दहा दिवस जातात, तेवढा धीर धरा.

विदेशी कोण म्हणाल तर मुळात आपला डेंगीचा इजिप्तीच आफ्रिकेतला, जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर पोचला, आणि आता तो इथलाच झालाय. टायगर मच्छर मात्र आशियातला, झाडीच्या भागात जास्त रमणारा, आणि तो इथून बाहेर गेला. १९७९ मध्ये अल्बानियात सापडला, १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला, १९९० मध्ये इटलीत, आणि अमेरिका-इटलीत तो पोचला जुन्या टायरांच्या व्यापारातून. टायरात पाणी साठतं, अंडी कडेला चिकटतात, टायर सुकतो, जहाजात चढतो आणि दुसऱ्या देशात पाऊस पडला की अळ्या बाहेर. गॅरेजवाले ग्राहक हे वाचत असतील तर मागच्या बाजूला रचून ठेवलेले टायर आधी झाकून घ्या.

मलेरियाचा गावठी नव्हे, अगदी शहरी मच्छर म्हणजे अॅनाफिलीस स्टीफेन्साय, मुंबईच्या मलेरियाचा मुख्य वाहक. हा विहिरी, ओव्हरहेड टाक्या, बांधकामावरचं स्वच्छ पाणी यात वाढतो. हा आपल्याकडचा, पण २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला, तिथे त्या वर्षी मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले होते आणि २०२० मध्ये ७३ हजारांच्या वर. मग इथिओपिया, सुदान, सोमालिया, पुढे नायजेरिया, केनिया, घाना. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला त्याच्यासाठी खास मोहीम काढावी लागली. आफ्रिकेतला जुना मलेरियाचा मच्छर मुख्यतः खेड्यातला, हा शहरातल्या टाकीत वाढणारा, म्हणून तिकडे एवढी धावपळ. हे सगळं सांगायचं कारण, जगभर लोक आज ज्या मच्छराच्या मागे आहेत तो तुमच्या गच्चीवरच्या टाकीत आरामात राहू शकतो, त्याला विमानाने यायची गरज नाही.

आणि तो आमच्या काळ्या डब्यात सहसा येत नाही, म्हणून टाकी आम्ही वेगळी तपासतो, पांढऱ्या पळीने पाणी काढून. अॅनाफिलीसची अळी पाण्याला समांतर, आडवी तरंगते, एडिसची डोकं खाली करून तिरकी लटकते, एकदा बघितलं की तुम्हालाही ओळखता येईल, आमच्या माणसाला सांगा, तो दाखवेल. टाकीचं झाकण घट्ट हवं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी हवी आणि टाकीला धड शिडी हवी, महापालिकाही हेच बघते आणि नसेल तर नोटीस देते. आमच्या वार्षिक कॉन्ट्रॅक्टमध्ये डबे, टाकीची तपासणी आणि दर महिन्याचा लेखी रिपोर्ट धरलेला आहे, नोटीस आलीच तर दाखवायला तो रिपोर्ट उपयोगी पडतो.

"एवढं कशाला, सरळ धूर मारा ना", असंही बरेच जण म्हणतात. धूर आम्हीही मारतो, डेंगीचा पेशंट निघाला तर मारायलाच हवा, पण धुराने त्या वेळी उडणारे मच्छर मरतात, अळ्या आणि अंड्यांना काही होत नाही, चार-आठ दिवसांत नवीन पिढी तयार. नुसत्या धुराचे पैसे घेणं आम्हाला सोपं आहे, माणूस पण कमी लागतो. तरी आम्ही आधी डबे लावायला सांगतो, कारण नाहीतर तुम्ही दर पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन फोन करणार.

आमचा माणूस ठरलेल्या वारी सकाळी दहा ते बाराच्या मध्ये येतो. गच्चीची चावी वॉचमनकडे ठेवा, सेक्रेटरी ऑफिसला गेले आणि चावी त्यांच्याच बॅगेत, असं झालं की त्या दिवशीची टाकी राहून जाते. पाहुणे यायचेत, पूजा आहे म्हणून डबा हलवायचा असेल तर जरूर हलवा, पाणी न सांडता आणि सावलीतच ठेवा, कुठे ठेवला तेवढं आम्हाला मेसेज करा. डबा फुटला किंवा हरवला तरी कळवा, दुसरा लावून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.