द्राक्षबागेतला उष्णतेचा हिशेब

ऑक्टोबरची छाटणी उरकली, की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाची तयारी सुरू होते. एका प्लास्टिकच्या ड्रमात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, दुसऱ्यात कळीचा चुना. चुन्याच्या ढेकळांवर पाणी ओतलं, की आधी काहीच होत नाही. पाणी नुसतं मुरतं. मग एखादं ढेकूळ तडकतं, कडेने भुगा सुटायला लागतो, फसफस वाढते आणि बघता बघता वाफेचे लोट निघतात. खाली ना जाळ, ना शेगडी, तरी पाणी उकळतंय.

ही उष्णता आली कुठून, असं बारावीच्या मुलांना विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: अभिक्रिया ऊष्मादायी आहे म्हणून. मार्क मिळवायला एवढं पुरतं. पण हे म्हणजे पाऊस का पडतो, तर पावसाळा आहे म्हणून, असं सांगण्यापैकी झालं. थोडं खोदून विचारलं, की दुसरं उत्तर येतं: रेणूंमधले बंध तुटतात आणि त्यांत साठवलेली ऊर्जा बाहेर पडते. हे मात्र साफ उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, नेहमीच. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना.

हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते, ते उदाहरण घ्या. हायड्रोजनचा एक मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरावीक माप) तोडायला 436 किलोज्यूल लागतात, ऑक्सिजनचा एक मोल तोडायला 498. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन मिळून खर्च झाला 1370. आता पाण्याच्या दोन मोल रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार मोल बंध जुळतात. प्रत्येकाचे सरासरी 463 धरले, तर जमा 1852. उरले 482 किलोज्यूल, आणि तेवढीच उष्णता आपल्याला जाणवते. खर्च आणि जमा दोन्ही आकडे मोठे, हातात पडते ती त्यांच्यातली तफावत. जमा जास्त असेल तर अभिक्रिया ऊष्मादायी, खर्च जास्त असेल तर ऊष्माग्राही.

चुन्याकडे परत येऊ. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. त्याच्या एका मोलने पाणी घेतलं, की सुमारे 65 किलोज्यूल बाहेर पडतात. एक किलो शुद्ध चुन्यात साधारण 18 मोल असतात, म्हणजे किलोमागे जवळपास 1160 किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत साडेतीन लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला येऊ शकतं. म्हणून चुन्यावर पाणी थोडं थोडं घालतात, तोंड लांब ठेवतात आणि डोळ्यांना चष्मा लावतात. उडालेला चुना भाजतो तर खराच, पण डोळ्यात गेला तर त्याचा अल्कपणा अधिक नुकसान करतो. चुन्याची निवळीही पूर्ण गार झाल्याशिवाय ती मोरचुदाच्या पाण्यात मिसळत नाहीत. गरम निवळीने मिश्रणातला निळा साका जाडाभरडा होतो आणि पानाला नीट चिकटत नाही.

या 65 किलोज्यूलची मागची बाजू भट्टीत आहे. चुनखडी भाजली, की ती कार्बन डायऑक्साइड सोडते आणि कळीचा चुना उरतो. या कामाला मोलमागे सुमारे 178 किलोज्यूल लागतात, आणि ते भट्टीतल्या इंधनातून येतात. ड्रमात परत मिळाले 65. मग उरलेले 113 कुठे गेले? ते चुन्याच्या भिंतीत सापडतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांचा चुना वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होत गेला. विरलेल्या चुन्याचा एक मोल चुनखडी होताना आणि पाणी सुटं होताना जी उष्णता निघते ती मोजली, तर सुमारे 113 किलोज्यूल भरते. 65 आणि 113 मिळून 178. भट्टीत जेवढं घातलं तेवढंच परत आलं. फक्त एक हप्ता काही मिनिटांत आणि दुसरा इतक्या सावकाश, की भिंतीला हात लावून कधी कुणाला तो कळला नसेल.

हा हिशेब जुळतोच, हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं जर्मेन हेन्री हेस यांनी, 1840 मध्ये. जन्म जिनिव्हाचा, पण काम बहुतेक रशियात, सेंट पीटर्सबर्गला. त्यांनी सल्फ्युरिक आम्लात वेगवेगळ्या प्रमाणात पाणी मिसळलं, त्या वेळी निघालेली उष्णता मोजली आणि मग ती आम्लं अमोनियाने उदासीन केली. आधी जास्त पाणी मिसळलं असेल तर पहिल्या पायरीत उष्णता जास्त आणि दुसरीत कमी. आधी पाणी कमी असेल तर उलट. बेरीज मात्र दर वेळी तीच. सुरुवात आणि शेवट ठरला, की एकूण उष्णता ठरली, मधे कितीही पायऱ्या असोत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून मांडलाही गेला नव्हता. मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांची त्यावरची कामं 1842 ते 1847 या काळातली. आज आपण हेसचा नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेतून सिद्ध करून दाखवतो. इतिहासात क्रम उलटा होता, आणि मला वाटतं, वर्गात शिकवतानाही तो उलटाच ठेवावा: आधी बेरीज जुळते हे दाखवावं, मग ती का जुळते ते सांगावं.

ते दाखवायला पहिल्या ड्रमातलं मोरचूद उत्तम. निळे खडे परीक्षानळीत तापवले, की त्यांतलं पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. ती भुकटी पाण्यात टाकली तर नळी हाताला चांगली गरम लागते, मोलमागे सुमारे 66 किलोज्यूल. निळे खडे पाण्यात टाकले तर पाणी उलट किंचित गार होतं, कारण तिथे मोलमागे सुमारे 12 किलोज्यूल शोषले जातात. दोन्हीकडे शेवटी तेच निळं द्रावण. मग पांढऱ्या भुकटीचा निळा खडा होताना किती उष्णता निघत असेल? 66 आणि 12 मिळून 78. हा आकडा थेट मोजणं अवघड, कारण पाच रेणू पाणी मोजून घालून सगळी भुकटी एकसारखी निळी करायची, तीही थर्मामीटर बुडवून, हे प्रयोगशाळेत जमत नाही. दोन सोप्या मोजण्यांतून मात्र ते बसल्या जागी मिळतं. (शेतकरी मोरचूद कापडात बांधून ड्रमाच्या तोंडाशी लटकवतो, तळाला टाकत नाही. त्याचं कारण उष्णता नाही. जड द्रावण खाली उतरतं आणि खड्यांना सतत ताजं पाणी मिळतं, एवढंच.)

गारव्याची गोष्ट निघालीच आहे, तर युरियाची. ठिबकमधून खत द्यायला ड्रममध्ये युरिया विरघळवताना ड्रमला बाहेरून घाम सुटतो. युरियाचा एक मोल विरघळताना साधारण 15 किलोज्यूल पाण्यातूनच ओढून घेतो. 50 लिटर पाण्यात 10 किलो युरिया टाकला, की तापमान साधारण 10 अंशांनी उतरतं. इथे एक शंका यायलाच हवी. उष्णता सोडून पदार्थ खालच्या पातळीवर जातो, ते समजलं. पण युरिया स्वतःहून वरच्या पातळीवर का चढतो?

एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही या प्रश्नाने चकवलं. डेन्मार्कचे थॉमसन आणि फ्रान्सचे बर्थेलो यांचं म्हणणं, ज्या बदलात जास्त उष्णता निघते तोच आपोआप घडतो. त्यांनी हजारो अभिक्रियांची उष्णता मोजली, ती मोजमापं मोलाची ठरली, पण नियम टिकला नाही. आपोआप काय घडेल हे एकटी उष्णता ठरवत नाही. कण किती मोकळे होतात, ऊर्जा किती प्रकारांनी वाटली जाऊ शकते, हेही त्यात येतं. स्फटिकात रांगेत बसलेले युरियाचे रेणू पाण्यात सुटे होतात तेव्हा हा विस्कळीतपणा, म्हणजे एन्ट्रॉपी, इतकी वाढते की गारव्याचा तोटा भरून निघतो. 1870 च्या दशकात गिब्ज यांनी या दोन्ही गोष्टी एकाच राशीत बांधल्या. त्यावर वेगळा लेख लागेल.

आता बागेतून वायनरीत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. जानेवारी ते मार्च हा नाशिकमधला वाइनच्या द्राक्षांचा हंगाम. रस टाकीत पडतो, यीस्ट साखर खातं आणि ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. ऑक्सिजन लागत नाही, काही जळत नाही, तरी टाकी तापते. बंधांच्या भाषेत सांगायचं तर कार्बन डायऑक्साइडमधले कार्बन-ऑक्सिजन बंध फार पक्के असतात. ते जुळताना मिळणारी जमा साखरेतले बंध तोडण्याच्या खर्चाहून जास्त होते.

ही उष्णता मोजायला टाकी उघडायचीही गरज नाही. ग्लुकोजचा एक मोल पूर्ण जाळला तर 2803 किलोज्यूल मिळतात. अल्कोहोलचा एक मोल जाळला तर 1367, दोन मोलचे 2734. वजाबाकी 69. म्हणजे किण्वनात मोलमागे फक्त 69 किलोज्यूल बाहेर पडतात, बाकीची सगळी ऊर्जा अल्कोहोलमध्ये तशीच राहते. दारू पेट घेते ती उगाच नाही. आणि यीस्ट इतकी साखर का फस्त करतं, तेही इथे कळतं: एका मोलमागे त्याच्या वाट्याला फारच थोडं येतं.

विद्यार्थी इथे थांबतात, आणि वायनरीत थांबून चालत नाही. कारण 69 हा आकडा कोरड्या साखरेचा आणि निव्वळ अल्कोहोलचा आहे. टाकीत दोन्ही पाण्यात विरघळलेले. साखर विरघळताना मोलमागे सुमारे 11 किलोज्यूल शोषते. रसात ती आधीच विरघळलेली असल्यामुळे हे 11 जमेच्या बाजूला येतात. अल्कोहोल पाण्यात मिसळताना उष्णता सोडतं, मोलमागे जवळपास 10.6, दोन मोलचे 21. तेव्हा 69 अधिक 11 अधिक 21, म्हणजे सुमारे 100 किलोज्यूल. हेसचीच युक्ती, पण पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे ते न बघितल्यामुळे उत्तर जवळपास एक तृतीयांशाने कमी आलं असतं. समीकरणात पदार्थापुढे स्थायू, द्रव, वायू, जलीय असं लिहा म्हणून शिक्षक कानीकपाळी ओरडतात, ते यासाठी.

लिटरभर रसात 216 ग्रॅम साखर धरा, म्हणजे 1.2 मोल. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, पण या हिशेबाला फार फरक पडत नाही. लिटरमागे 120 किलोज्यूल. रस एका अंशाने तापायला लिटरमागे साधारण 4 किलोज्यूल लागतात. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तापमान 30 अंशांनी चढेल. रस 20 अंशांवर असेल तर 50. यीस्ट त्याच्या बरंच आधी, चाळिशीच्या आसपासच मान टाकतं, साखर अर्धवट राहते आणि टाकीतला माल बिघडतो.

घरी बरणीत कुणी द्राक्षाचा रस आंबवला तर ती फारशी तापत नाही, याचं कारण रसायन वेगळं आहे म्हणून नाही. उष्णता रसाच्या आकारमानाच्या प्रमाणात तयार होते आणि बाहेर जाते पृष्ठभागातून. टाकी सर्व बाजूंनी दहापट मोठी केली, तर उष्णता हजारपट आणि पृष्ठभाग फक्त शंभरपट. शिवाय वेग. तीच 120 किलोज्यूल महिनाभरात निघाली तर भिंतीतून निसटून जाते, पाच दिवसांत निघाली तर साचते. आणि गरम झालेलं यीस्ट आणखी भराभर काम करतं, म्हणजे अधिक उष्णता. म्हणून स्टीलच्या टाकीभोवती दुहेरी कवच असतं आणि त्यातून गार केलेलं ग्लायकोलचं पाणी फिरतं. व्हाइट वाइन साधारण 12 ते 18 अंशांत आंबवतात, रेड 25 ते 30 अंशांत. द्राक्षं पहाटे तोडतात त्यालाही हे एक कारण आहे: गार फळ आलं, तर चिलरचं तेवढं काम वाचतं.

10,000 लिटरच्या एका टाकीचा हिशेब मांडून बघा. एकूण 12 लाख किलोज्यूल, म्हणजे घरगुती गॅसच्या दोन भरलेल्या सिलिंडरांना थोडी कमी. 3600 ने भागलं, की वीजबिलाच्या भाषेत 333 युनिट उष्णता. चिलर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता उपसत असेल, तर त्या टाकीपोटी 111 युनिट वीज. त्यातली काही वीज एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातून येत असेल, तर तिथे कोळशातला कार्बन जळतो, मोलमागे 393.5 किलोज्यूल देत. त्यातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते असं धरलं, तर टाकीतून 333 युनिट उष्णता उपसायला कोळशाची तेवढीच, 333 युनिट उष्णता खर्ची पडते.