स्क्रॅच-बिल्डिंग (रेल्वे मॉडेल)

रेल्वेच्या छोट्या मॉडेलांच्या छंदात बाजारातलं तयार किट (नुसत्या जोडायच्या भागांचा खोका) न घेता स्टेशन, सिग्नल केबिन, पूल, गोदाम, आजूबाजूची वस्ती आणि डोंगर हे सगळं पुठ्ठा, स्टायरीन प्लॅस्टिकची शीट, लाकडाच्या पट्ट्या, प्लास्टर असल्या कच्च्या मालातून स्वतः मोजून, कापून उभं करतात त्याला स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. मराठीत वेगळा शब्द रुळलेला नाही, सगळे स्क्रॅचच म्हणतात. किटचे तुकडे करून त्यातून दुसरंच काही बनवलं तर ते किटबॅशिंग, तो वेगळा विषय.

शब्द इंग्रजीतला आहे आणि शर्यतीत जमिनीवर ओरखडून काढलेल्या सुरुवातीच्या रेघेवरून तो आला असं सहसा मानतात. पद्धत कधी सुरू झाली यावर मात्र मतं वेगळी. एक मत असं की सुरुवातीच्या हौशी लोकांना सगळं स्वतःच करावं लागायचं, तेव्हा ती छंदाइतकीच जुनी. दुसरं मत ती १९३० च्या दशकातल्या इंग्लंडपर्यंतच नेतं, कारण त्याआधी टेबलावर रूळ, त्यावर गाडी आणि बाजूला पत्र्याचं रंगवलेलं स्टेशन एवढाच कारभार असायचा, बघून-मोजून केलेलं गाव नसायचं. तिसरं मत जरा खवचट वाटेल पण जास्त पटतं, ते म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फालर, इंग्लंडमधल्या एअरफिक्स अशा कंपन्यांची प्लॅस्टिकची किटं दुकानात आली आणि मगच "किट न वापरता केलेलं" याला वेगळं नाव आणि वेगळा मान मिळाला. आधी लोक करत होतेच, पण त्याला नाव द्यायचं कारण नव्हतं.

इतिहासात तीन नावं टाळता येत नाहीत. इंग्लंडमधल्या जॉन अहर्न यांचा मॅडर व्हॅली हा लेआउट (रूळ, गाव, डोंगर सगळं धरून मांडलेलं मॉडेल) १९३० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, त्यात गाडीपेक्षा गावाला जास्त जागा होती आणि बऱ्याच इमारती पाहिलेल्या खऱ्या इमारतींवरून पुठ्ठ्यात केलेल्या. मूळचे ऑस्ट्रेलियातले रॉय इंग्लंड (आडनावच तसं आहे) १९२५ मध्ये ब्रिटनला आले, ऑक्सफर्डजवळच्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स भागातली जुनी गवती छपरांची घरं डोळ्यांदेखत बदलत चालली होती, ती निदान छोट्या आकारात तरी राहावीत म्हणून त्यांनी मोजमापं घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून १९५४ मध्ये लाँग विटनम या गावात पेंडन म्युझियम उभं राहिलं. अहर्न यांचा लेआउटही आता तिथेच आहे. तिसरे कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला राहणारे जॉन ॲलन. नवीकोरी दिसणारी इमारत खोटी वाटते, तिला काजळी, गंज, उडालेला रंग हवा, ही गोष्ट अमेरिकेत रुजवण्याचं श्रेय बरंचसं त्यांना जातं. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच घरातला तो प्रचंड लेआउट आगीत गेला, उरले ते फोटो.

आता स्केल, म्हणजे खऱ्यापेक्षा किती पट लहान करायचं ते प्रमाण. इथे वाचणारे कंटाळतात, पण इमारत बांधणाऱ्याचं सगळं गणित यावरच आहे. एचओ म्हणजे एका फुटाला ३.५ मिमी, साधारण १:८७, आणि रूळ १६.५ मिमी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. परदेशातले बहुतेक खरे रूळ १४३५ मिमी, त्यामुळे हे बरोबर जमतं. ब्रिटनमध्ये मात्र ओओ चालतं, म्हणजे फुटाला ४ मिमी, १:७६.२, आणि रूळ तेच १६.५ मिमी. हिशेब केला तर हे रूळ खऱ्यात १२५७ मिमीचे होतात, म्हणजे जवळजवळ सात इंच कमी. असं का झालं याचं नेहमीचं कारण म्हणजे ब्रिटिश इंजिनं युरोपातल्यापेक्षा अंगानं लहान, त्यामुळे ३.५ मिमीच्या हिशोबात त्या काळची मोटर आत मावेना, म्हणून अंग वाढवलं आणि रूळ तसेच ठेवले. यात मॉडेल रेल्वेचे ब्रिटिश डिझायनर हेन्री ग्रीनली यांचं नाव घेतात. चाकं आणि बाहेरचे दांडे मॉडेलमध्ये जाड करावे लागतात, त्यांना जागा हवी म्हणून असं केलं, असंही सांगितलं जातं. दोन्ही कारणं एकत्र असायला हरकत नाही, मोटरचं जरा जास्त पटतं. ही चूक ज्यांना सहन होत नाही त्यांनी पुढे १८.२ मिमी रुळांचं ईएम आणि १८.८३ मिमीचं पी-फोर अशी मापं काढली.

इमारतवाल्याला याचं काय? तर बोगद्याचं तोंड, पुलाची रुंदी, प्लॅटफॉर्मची कड ही मापं रुळापासून काढली तर ओओमध्ये सगळं गंडतं, ती डब्याच्या रुंदीवरूनच काढावी लागतात. लेआउटवर रूळ खोटं बोलतात, इमारत तेवढी खरी ठेवता येते, अर्थात लांबी सोडून. नेरळ ते माथेरान २१ किलोमीटर एचओत धरलं तर २४१ मीटर होतं, एवढा हॉल कोणाकडे आहे! मग काटछाट आली, दहा कमानींच्या पुलाच्या सहा ठेवायच्या पण एकेका कमानीचा आकार बदलायचा नाही. कमान बारीक केली की पूल खेळण्यातला दिसतो, त्यापेक्षा चार कमानी गेलेल्या परवडल्या.

पाडलेल्या इमारतीचं माप फोटोवरून काढायचं, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही. इंग्लंडमधल्या जुन्या विटकामात साधारण चार थरांचा एक फूट धरतात, म्हणजे ओओत एक थर बरोबर १ मिमी आणि एचओत ०.८७५ मिमी. फोटोत दाराच्या चौकटीला लागून भिंतीचे थर मोजायचे, २८ भरले तर दार सात फुटांचं, एचओत २४.५ मिमी. नालीदार पत्र्याच्या दोन नाल्यांमधलं अंतर बहुतेक वेळा तीन इंच, तोही हाच हिशोब. रूळ दिसत असतील तर त्यांच्यामधलं अंतर ही सगळ्यात खात्रीची पट्टी, फक्त कॅमेरा तिरका असेल तर भिंतीच्या लांबच्या टोकाला माप कमी भरतं हे विसरायचं नाही. आपल्याकडचं काळ्या दगडाचं काम असं मोजता येत नाही कारण घडीव दगडाचे थर सारखे नसतात, तिथे दार-खिडकी नाहीतर शेजारी उभा असलेला माणूस बघावा लागतो. आणि तो काळा दगड काळ्या रंगानं रंगवू नये, करडा घेऊन त्यात थोडा तपकिरी मिसळावा, लहान आकारात गडद रंग अजून गडद दिसतो.

कौलारू छप्पर हे वेळखाऊ काम. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे १० मीटर लांब आणि ४ मीटर उताराच्या स्टेशनाला एका बाजूलाच ६०० कौलं, एचओत एकेक जेमतेम पावणेतीन मिमी रुंद. सुटी कौलं चिकटवायच्या फंदात कोणी पडू नये. जाड कागदाच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीच्या खालच्या कडेला कौलांचे दात पाडायचे आणि खालून वर एकीवर एक अशा १२-१३ पट्ट्या चढवायच्या, मग अधूनमधून एखादं कौल वेगळ्या लाल रंगात, एखादं हिरवट शेवाळलेलं. गवती छपराला प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ते सूत चालतं.

डोंगरासाठी जाळी किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड. आपल्याकडे थर्मोकोल जास्त चालतं, पण त्याला फेव्हिकॉलच लावावा, सोल्युशनवाला गम लावला की थर्मोकोल विरघळून खड्डा पडतो आणि हे प्रत्येकाला एकदा तरी अनुभवातूनच कळतं. गवताचे बारीक तंतू विजेच्या भारानं उभे चिकटवायचं यंत्र आता मिळतं. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या पोरांचा मूळ विचार हाच, फक्त अळीव स्केलमध्ये बसत नाही आणि आठवड्यात पिवळं पडतं.

थ्रीडी प्रिंटिंग आणि लेझर कटिंग आल्यापासून स्क्रॅच कशाला म्हणायचं हा वाद परत उकरला गेलाय. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या अमेरिकन संस्थेच्या इमारतींच्या प्रमाणपत्राला १२ मॉडेलं लागतात, त्यातली निदान ६ स्क्रॅच आणि एखादा तरी पूल हवा. ड्रॉइंग स्वतः केलं असेल तर मशीननं कापलेलंही स्क्रॅचच धरावं असं बरेच जण मानतात आणि ते बरोबर वाटतं, पट्टीनं सरळ रेघ मारली म्हणून चित्र पट्टीचं होत नाही. दुसऱ्याची फाइल उतरवून घेतली तर मात्र ते किटच, खोक्याशिवाय आलेलं.

महाराष्ट्रात या छंदाचं लोकांना बघता येण्यासारखं मोठं ठिकाण म्हणजे पुण्यात कोथरूडचं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे, १९९८ मध्ये सुरू झालेलं, भाऊ जोशी यांच्या हौसेतून आलेलं. भारतीय ब्रॉडगेज करणाऱ्याची पंचाईत अशी की १६७६ मिमीला एचओत १९.२६ मिमी रूळ लागतात आणि बाजारात मिळतात ते १६.५चे. यावर उपाय म्हणून कोणी साधारण १:१०० घेऊन इमारती त्या मापात कराव्यात असं सुचवतात, गणितानं ते ठीक आहे पण मग माणसं, गाड्या, झाडं काहीच तयार मिळत नाही. त्यापेक्षा बार्शी लाइट रेल्वे करणं सोपं. १८९७ मध्ये ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली ही ७६२ मिमीची लाइन, आता तिथे ब्रॉडगेज झालंय. ७६२ भागिले ८७ केले की ८.७६ मिमी येतात आणि ९ मिमीचे रूळ तर तयार मिळतात, पाव मिमीचा फरक कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. याच कॅलथ्रॉप यांच्या हाताखालून गेलेली आणि त्याच मापाची स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड लाइन १९०४ ची, तिच्यावर ब्रिटिश हौशी लोकांनी भरपूर काम केलंय, त्यामुळे डबे-इंजिनाची कल्पना तिच्यावरून येते. कुर्डुवाडीची शेड किंवा पंढरपूरला वारीच्या दिवसांत भरलेला प्लॅटफॉर्म करायचा तर फोटो, पट्टी आणि पुठ्ठा घेऊनच बसावं लागतं.