दहा सेकंदांची लय

ठाण्यात तलावपाळीला एक फेरी मारली आणि आसपासच्या रस्त्यांवरून थोडे फिरून आले, तर जगातील अनेक प्रार्थनापरंपरा एकमेकींच्या शेजारी नांदताना दिसतात. मासुंदा तलावाजवळ कौपिनेश्वराचे मंदिर आहे, पोर्तुगीज काळात स्थापन झालेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, टेंभी नाक्याच्या बाजूला पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायली समाजाने १८७९ मध्ये उभारलेले सिनेगॉग आहे, आणि पुढे राबोडीकडे गेले की मशिदी लागतात. या सर्व ठिकाणी म्हटले जाणारे शब्द वेगळे, भाषा वेगळ्या, आराध्यही वेगळे. तरीही एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी आढळते: ठरलेली वाक्ये, ठरलेल्या लयीत, पुन्हा पुन्हा म्हटली जातात, आणि ती मोजण्यासाठी अनेकांच्या हाती माळ असते. जपमाळेत १०८ मणी असतात, तसबीहमध्ये ९९ किंवा ३३, तर कॅथलिक रोझरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट.

या पुनरावृत्तीने मन शांत होते, हा अनुभव जुना आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. शरीरात त्या वेळी नेमके काय घडते, याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर गेल्या काही दशकांत मिळाले आहे. ते समजून घेण्यासाठी सुरुवात प्रार्थनेपासून न करता मनगटापासून करणे सोयीचे आहे.

शांत बसावे, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवावीत आणि नाडी नीट लागली की पाच सेकंद सावकाश श्वास घ्यावा व पाच सेकंद सावकाश सोडावा. दोन-तीन श्वासांनंतर अनेकांना जाणवते की श्वास आत येताना ठोके किंचित जवळजवळ पडतात आणि बाहेर जाताना लांबतात. तरुण आणि निरोगी व्यक्तीत हा फरक बोटांना सहज कळतो. वय वाढते तसा तो कमी होत जातो. हा हृदयाचा दोष नाही, उलट त्याच्या नियंत्रणाची व्यवस्था सजग असल्याची ती खूण आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये श्वासाबरोबर होणारा हा बदल उपकरणाने नोंदवला. मेंदूच्या तळापासून निघून हृदयापर्यंत आणि पुढे पोटातील अवयवांपर्यंत जाणारी व्हेगस नावाची चेता, म्हणजे मज्जातंतूंची जुडी, यामागे आहे. ती हृदयाचा वेग सतत आवरून धरते. श्वास घेताना तिची पकड सैल होते आणि सोडताना पुन्हा घट्ट होते. ही चेता हृदयाला आपला निरोप एका रसायनाच्या द्वारे देते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयावरील प्रयोगाने सिद्ध केले. म्हणून उच्छ्वास जितका लांब, तितका वेळ हृदय मंदावलेल्या अवस्थेत राहते. आणि कोणताही मंत्र, अभंग किंवा प्रार्थना आपण म्हणतो ती उच्छ्वासावरच, कारण आवाज बाहेर जाणाऱ्या हवेनेच निर्माण होतो. लांब ओळ एका दमात म्हणणारा भाविक, त्याच्या ध्यानीमनी नसताना, आपला उच्छ्वास लांबवत असतो.

याखेरीज शरीरात आणखी एक लय असते, आणि या विषयातील सर्वांत सुंदर भाग मला तोच वाटतो. मानेतील मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत रक्तदाब ओळखणारे चेतातंतू असतात. दाब वाढून धमनीची भिंत ताणली गेली की ते मेंदूला कळवतात, आणि मेंदू दोन आज्ञा देतो. पहिली व्हेगसमार्फत हृदयाला जाते आणि तिचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. दुसरी आज्ञा रक्तवाहिन्यांना सैल होण्यासाठी असते, पण वाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सावकाश प्रतिसाद देतात आणि त्यांना काही सेकंद लागतात. या उशिरामुळे दाब नेमका योग्य जागी स्थिरावत नाही. तो थोडा खाली जातो, मग सावरताना थोडा वर जातो, आणि असे सुमारे दहा सेकंदांचे एक आवर्तन सतत चालू राहते. झिगमुंड मेयर यांनी १८७६ मध्ये या लहरींचे वर्णन केले आणि त्या आजही मेयर लहरी म्हणून ओळखल्या जातात.

आपण एरवी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे श्वासाचे एक आवर्तन तीन ते पाच सेकंदांचे असते आणि या दहा सेकंदांच्या लहरीशी त्याचा मेळ बसत नाही. श्वास मिनिटाला सहावर आला की मात्र दोन्ही लयी एकमेकींवर बसतात. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा धक्का मिळत राहिला तर झोका मोठा होत जातो, तसे येथे हृदयाच्या वेगातील चढउतार मोठे होतात आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तत्परतेने काम करू लागते.

प्रार्थनेचा या लयीशी असलेला संबंध इटलीतील पाविया येथील हृदयरोगतज्ज्ञ लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला, आणि त्यांचा निबंध डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ निरोगी प्रौढांना लॅटिन भाषेतील ‘आवे मारिया’ ही रोझरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणायला सांगितले आणि त्या वेळी श्वास, हृदयाचे ठोके व रक्तदाब यांची नोंद ठेवली. एरवी मिनिटाला सुमारे १४ असलेला श्वास दोन्ही वेळी सहाच्या आसपास उतरला. रोझरीत प्रार्थनेचा अर्धा भाग एक बाजू म्हणते आणि उरलेला अर्धा दुसरी; आपली बाजू म्हणताना उच्छ्वास होतो, समोरची बाजू म्हणत असताना श्वास भरून घेता येतो, आणि हे पूर्ण आवर्तन जवळजवळ दहा सेकंदांचेच भरते. रक्तदाबातील बदलाला हृदय किती प्रतिसाद देते याचे मापही वाढले: दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने बदलला असता दोन ठोक्यांमधील अंतर पूर्वी सरासरी ९.५ मिलिसेकंदांनी बदलत होते, ते ११.५ मिलिसेकंदांनी बदलू लागले. एकमेकांपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन परंपरा एकाच लयीवर कशा आल्या, याबद्दल संशोधकांनी एक शक्यता मांडली होती: मणी मोजण्याची पद्धत भारत आणि तिबेटकडून अरबांमार्फत युरोपात पोहोचली असावी. मला दुसरी शक्यता अधिक जवळची वाटते. शतकानुशतके लाखो माणसांनी ज्या लयीत बरे वाटते त्या लयीत शब्द घडवले आणि जी लय मानवली नाही ती आपोआप गळून पडली, असे होणे सहज शक्य आहे, कारण शरीर तर सर्वत्र एकच आहे.

यातून जपाच्या वेगाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. एका उच्छ्वासावर एक नाम सावकाश घेतले आणि मिनिटाला सहा श्वास धरले, तर १०८ मण्यांची माळ पूर्ण व्हायला बरोबर १८ मिनिटे लागतात. तीच माळ दोन सेकंदांना एक मणी या वेगाने ओढली तर चार मिनिटांच्या आत संपते. श्रद्धेच्या हिशेबात दोन्ही माळा सारख्या असतील, आणि त्यावर मत देण्याचा अधिकार विज्ञानाला नाही. शरीराच्या हिशेबात मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे नाम छोटे असते तिथे एका दमात तेच नाम तीन-चार वेळा म्हणण्याची सवय अनेकांना असते, आणि तसे केले तरी श्वास पुरेसा लांबतो. महत्त्व एका दमात किती वेळ जातो याला आहे. त्यात किती मणी सरले याला नाही.

सावकाश श्वासाने हवा कमी पडेल ही भीतीही अनाठायी आहे. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा केवळ श्वासमार्गात राहते, ती रक्तापर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला १४ वेळा अर्धा लिटर हवा घेतली तर एकूण सात लिटरपैकी सुमारे ४.९ लिटर उपयोगी पडते. मिनिटाला सहा वेळा एक लिटर घेतली तर एकूण सहा लिटरपैकी सुमारे ५.१ लिटर. कमी श्रमात तितकेच काम होते. बेर्नार्दी यांच्याच गटाने १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांनी मिनिटाला सहा श्वास घेतले असता त्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुधारलेले आढळले होते.

समूहाने म्हटलेल्या प्रार्थनेत आणखी एक गोष्ट घडते. गणपतीत आरतीनंतर मंत्रपुष्पांजली सुरू होते तेव्हा आपल्या सर्वांचे श्वास कसे एकत्र बांधले जातात, हे लक्ष देऊन ऐकावे. ओळी लांब असतात, स्वर ताणलेले असतात आणि श्वास घेण्याच्या जागा सगळ्यांच्या एकच. ज्यांचा दम पुरत नाही ते मध्येच थांबतात आणि पुढच्या ओळीला पुन्हा मिळतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ब्योर्न विकहॉफ यांच्या गटाने २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाच्या वेगाची नोंद केली, तेव्हा एकत्र श्वास घेणाऱ्यांची हृदयेही एकाच वेळी वेग वाढवत आणि कमी करत असल्याचे दिसले. केवळ ओळींच्या मध्येच श्वास घ्यायचा असलेल्या संथ मंत्रात तर हे फार स्पष्टपणे दिसले. मंत्रपुष्पांजली संपल्यावर आणि प्रसाद वाटायला सुरुवात होण्याआधी घरात क्षणभर जी शांतता पसरते, तिलाही अर्थ आहे. संगीत ऐकणाऱ्यांवर केलेल्या २००६ मधील एका अभ्यासात, संगीताच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हृदयाचा वेग आणि रक्तदाब संगीतापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली उतरले होते. याच अभ्यासात जलद संगीताने श्वास आणि दाब वाढल्याचेही दिसले. म्हणून टाळ-झांजांच्या गजरात रंगलेले लोकलमधील भजन किंवा द्रुत लयीत गेलेली आरती शरीराला शांत करते असे म्हणता येणार नाही. ती शरीराला चेतवते, आणि कामावर निघालेल्या माणसाला सकाळी त्याचीच गरज असू शकते.

आता एक अवघड बाब. पावियातील प्रयोगात सहभागींना कोणतीही प्रार्थना न म्हणता, ठरवून मिनिटाला सहा श्वास घ्यायलाही सांगितले होते, आणि परिणाम जवळपास तसाच मिळाला. मग शब्दांचे काय काम उरले? श्वास आणि मनाची शांतता यांना जोडणारा एक मार्ग मेंदूतही सापडला आहे. श्वासाची लय निर्माण करणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या पेशीसमूहाचा शोध १९९१ मध्ये लागला होता. उंदरांच्या त्या समूहातील निवडक पेशी २०१७ मध्ये निकामी केल्या गेल्या, तेव्हा त्यांचा श्वास चालू राहिला, पण ते विलक्षण शांत झाले आणि एरवी नवीन जागा हुंगत फिरायचे ते स्वस्थ बसून अंग चाटू लागले. या पेशी मेंदूला जागे ठेवणाऱ्या केंद्राकडे निरोप पाठवतात. म्हणजे भरभर चालणारा श्वास मेंदूला सावध ठेवतो. श्वासाचा असा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले ते योगक्रियांचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजण्यासाठीच.

तरीही शब्द आणि श्रद्धा यांना वगळून केवळ श्वास मोजणे पुरेसे आहे, असे मी म्हणणार नाही. घड्याळाकडे पाहत रोज अठरा मिनिटे श्वास मोजणारा माणूस वर्षानुवर्षे ते करत राहील, ही शक्यता फार थोडी आहे. ज्या नामावर आपले प्रेम आहे ते घेत चाळीस वर्षे रोज बसलेली माणसे मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेली आहेत. शिवाय परिचित कर्मकांडाचा वेगळा परिणाम मोजताही येतो. मॉरिशसमधील मराठी समाजात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात येथून गेलेल्या आपल्याच लोकांच्या वंशजांत, मार्टिन लँग आणि दिमित्रिस झिगालाटास यांच्या गटाने केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७५ सहभागींना प्रथम भाषण करायचे असल्याचे सांगून तणाव निर्माण केला गेला. मग काहींना गावातील देवळात नेहमीची पूजा करू दिली आणि काहींना नुसते शांत बसायला सांगितले. पूजा करणाऱ्यांची चिंता नुसते बसलेल्यांपेक्षा अधिक उतरली, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यातही आणि हृदयाच्या नोंदीतही.

हे करून पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. संथ श्वासाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, पण तेवढ्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत. आणि दम्याचा त्रास असेल किंवा श्वास लांबवताना घाबरल्यासारखे होत असेल तर ताण देऊ नये. मिनिटाला सहा हा आकडाही सर्वांना तंतोतंत लागू पडत नाही. बहुतेकांची अनुकूल लय मिनिटाला साडेचार ते सात श्वासांच्या दरम्यान असते, आणि उंच व्यक्तींची सामान्यतः थोडी अधिक संथ असते. म्हणून आपल्या नामाची किंवा प्रार्थनेची ओळ न ओढता, दम न लागता, श्वास संपेपर्यंत म्हणावी आणि पुढच्या ओळीआधी नाकाने पूर्ण श्वास येऊ द्यावा.