एकदिवसीय आडवाट सायकलस्वारी

शंभर-दीडशे किलोमीटर किंवा त्याहून लांबचा, बहुतांशी कच्चा मार्ग मुक्काम न करता एकाच दिवसात सायकलने पार करण्याचा प्रकार. डांबरी रस्त्यावर अंतर आणि चढ कळले की वेळेचा अंदाज बांधता येतो. आडवाटेला तोच पल्ला सहा तासांचा होईल की अकरा तासांचा, हे मातीची जात, आदल्या आठवड्यातला पाऊस आणि वाटेतले थांबे ठरवतात.

इंग्लंडमधील साउथ डाउन्स वे हे या प्रकाराचे ठळक उदाहरण. आज विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी सुमारे 160 किलोमीटर असलेली ही वाट 1972 मध्ये खुली झाली तेव्हा आखूड होती, पुढे ती विंचेस्टरपर्यंत वाढवली गेली. पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार या तिघांनाही ती मोकळी आहे. एकही डोंगर फार उंच नाही, तरी सगळ्या चढांची बेरीज साडेतीन हजार मीटरच्या पुढे जाते. खडूसारखा चुनखडक ओला झाला की निसरडा होतो आणि त्यातली गारगोटी टायर चिरते. ही वाट एका दिवसात करू पाहणारे बरेच जण जूनमधला मोठा दिवस गाठतात. अमेरिकेत कोलोरॅडोतील लेडव्हिल येथे 1994 पासून शंभर मैलांची माउंटन बाइक शर्यत होते. तिचा सारा मार्ग तीन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंचावरून जातो. कॅन्ससमधील अनबाउंड ही 2006 मध्ये सुरू झालेली शर्यत दोनशे मैलांची. 2023 साली तिच्या सुरुवातीच्याच टप्प्यात चिकट चिखलामुळे स्पर्धकांना सायकली खांद्यावर घेऊन चालावे लागले.

तो चिखल विदर्भाच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसले आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे कपाशीची आणि संत्र्याची काळी जमीन, तर पूर्वेला व ईशान्येला वाळूचे प्रमाण जास्त असलेली, पाणी लवकर निचरणारी माती. पावसाचा शिडकावा झालेल्या काळ्या पांदणीत सायकल घातली, तर चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत माती टायरला चिकटते, तिच्यावर तुराट्या-पाचोळा बसतो, मग फोर्क (चाक धरणारा दुपाखी दांडा) आणि टायर यांच्यामधली फट भरते आणि चाक फिरायचेच थांबते. अशा वेळी जोर लावला की मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मोडतो. उतरून चपट्या काडीने माती खरवडावी आणि सायकल उचलून धुऱ्यावरच्या गवतातून न्यावी, हाच खरा उपाय. काळी माती वाळल्यावरही सुखाची नसते. पावसाळ्यात बैलबंडी आणि ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी नोव्हेंबरात दगडासारखी टणक होते. पुढचे चाक तिच्यात अडकले की माणूस पडतो.

नागपूरभोवती खुणा लावलेली अशी लांब वाट नाही. पांदण रस्ते, कालव्याकाठचे मुरमाचे रस्ते आणि खेड्यांना जोडणारे जुने गाडीमार्ग एकमेकांना जोडून ती आखावी लागते. कामठी, कन्हान, खिंडसी, रामटेक, मनसर, पारशिवनी या अंगाने फिरून येणारी वाट या कामासाठी सर्वांत चांगली. माती बरी, पेंच प्रकल्पाच्या कालव्यांमुळे सपाट लांब पट्टे आणि पाणी व चहा मिळेल अशी गावे जवळजवळ. नकाशावर मोहक दिसणारे पेंच, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलातले रस्ते मात्र वगळावेत. संरक्षित क्षेत्रात मनाला येईल तशी सायकल नेता येत नाही. अभयारण्याबाहेरच्या शेतशिवारातही वाघ, बिबट आणि रानडुकरांचा वावर असतो, म्हणून दिवस मावळायच्या आत रानालगतचा भाग संपवावा.

ऋतूची निवड इथे इंग्लंडच्या उलट होते. मे महिन्यात दिवस मोठा, पण पारा 45 अंशांवर जातो. जून ते सप्टेंबर पावसाचे. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तासांचा. 160 किलोमीटर या उजेडात बसवायचे आणि थांब्यांना दोन तास धरायचे, तर चालत्या चाकाचा सरासरी वेग ताशी अठरा किलोमीटरच्या जवळ लागतो. कच्च्या वाटेला हा वेग सोपा नाही. तुलनेसाठी, ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि तो रस्ता बहुधा डांबरी असतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, तीही पक्क्या रस्त्यांवरची. म्हणून नवख्याने पहिल्यांदा शंभर किलोमीटरच धरावेत आणि पहाटे अंधारातच शहराबाहेर पडावे. पाय जोरात मारून वाचलेली मिनिटे एका पंक्चरमध्ये जातात. थांबे कमी आणि आखून घेतले, तर तेवढाच वेळ हमखास हाती राहतो.

पंक्चरचे इथले मुख्य कारण गोखरू. धुऱ्यावर आणि पडीक जमिनीत पसरणाऱ्या या वेलीची फळे वाळून गळतात, आणि कसेही पडले तरी त्यांचा एखादा काटा वर राहतो. बाभळीचा काटा एकच खोल भोक पाडतो. गोखरूचे मात्र एकाच वेळी पाच-सात लागतात. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, भरलेला असला तर काटा काढून चाक फिरवताच भोक बुजते. ट्यूब असेल तर दोन जादा ट्यूब हव्यात, आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायरची आतली बाजू बोटांनी चाचपून प्रत्येक काटा काढायला हवा. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, हवा थोडी कमी.

खाणे तासातासाला, भूक लागण्याची वाट न पाहता. केळी, गूळ-शेंगदाणे, खजूर, हंगामात संत्री. सकाळी निघताना तर्री-पोहे टाळलेले बरे. ते परतल्यावर खावेत. थंडीतही दुपारी उन्हाचा चटका बसतो आणि घाम वाळून जात असल्याने कळत नाही, म्हणून साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी लागते.

वाट आखताना दर वीस-पंचवीस किलोमीटरवर डांबरी रस्ता गाठता येईल असे पाहावे. दुपारी दोनपर्यंत निम्म्याहून बरेच पुढे गेलेले नसल्यास उरलेली पांदण सोडून त्या रस्त्याला लागावे. मागचा लाल दिवा, अंगावर चमकपट्टी आणि पुढचा चांगला झोत देणारा दिवा दिवसाच्या फेरीतही सोबत असावा, कारण कामठीकडून शहरात शिरताना बहुधा अंधार झालेला असतो आणि त्या वेळी रस्त्यावर ट्रकांची रांग असते.