वृद्धांमधील वारंवार होणारा पचनमार्गातील रक्तस्राव : दुर्मीळ कारणे

पचनमार्गातून पुन्हापुन्हा रक्त जाते, हिमोग्लोबिन उतरत राहते, पण तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे दुर्बीण घालूनही जागा सापडत नाही, अशी अवस्था. पचनमार्गातील रक्तस्रावाच्या सुमारे ५ टक्के रुग्णांत असे घडते आणि त्यांतल्या बहुतेकांचा दोष लहान आतड्यात निघतो. उतारवयात मात्र मूळ कारण कित्येकदा आतड्याच्या बाहेरच असते: हृदयाच्या झडपेत, जुन्या शस्त्रक्रियेत किंवा गोळ्यांच्या पिशवीत.

सांगली जिल्ह्यात असा रुग्ण बहुधा दोन-चार दवाखाने फिरून मिरजेला पोहोचतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. जत-आटपाडीपासून सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतची माणसे उपचारांसाठी मिरजेचीच वाट धरतात. तोवर गावात ‘रक्त कमी झालंय’ एवढेच निदान झालेले असते आणि त्यावर बीट, डाळिंब, लोहाच्या गोळ्या, फारच झाले तर रक्ताच्या दोन पिशव्या. लाल रक्त दिसले की मूळव्याध, हे तर घरातच ठरते. लोहाच्या गोळ्यांनी संडासला काळपट होतेच, त्यामुळे खरी खूण झाकली जाते. रक्तामुळे होणारी संडास डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची असते. लोहाने होणारी काळी-हिरवट असली तरी चिकटत नाही.

दुर्मीळ कारणे शोधण्याआधी नेहमीची बाजूला काढावी लागतात: जठरातील व्रण, मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृताच्या आजारात फुगलेल्या शिरा. रुग्णाने आणलेली प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहणे ही यातली सर्वांत स्वस्त तपासणी. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन निघते आणि तळाशी, चिठ्ठीत कुठेच नसलेली, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची पट्टी. ही वेदनाशामके जठरालाच इजा करतात असा समज आहे. प्रत्यक्षात लहान आतड्यातही त्यांच्यामुळे व्रण पडतात आणि कधी पडद्यासारखे अरुंद कडे तयार होते. अनवाणी शेतात राबलेल्या माणसात अंकुशकृमीही आठवावा. त्याच्या एका जातीचा एकेक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलीटर रक्त शोषतो, आणि पोटात असे शेकडो असू शकतात.

यानंतर येतो अँजिओडिसप्लेजिया, म्हणजे आतड्याच्या अस्तरातील पातळ भिंतीच्या, फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा पुंजका. तो बहुधा ५ मिलिमीटरपेक्षाही लहान, अनेकदा एकाहून अधिक, आणि मुख्यतः मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूस असतो. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत तो जास्त आढळतो. महाधमनीची झडप चुना साचून अरुंद झालेल्या रुग्णांत असा रक्तस्राव दिसतो, हे एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरने १९५८ मध्ये एका छोट्या पत्रातून मांडले. दोन्हींतला दुवा काय असावा, याची पटणारी कल्पना १९९२ मध्ये पुढे आली आणि नंतर तिला पुष्टी मिळाली. वॉन विलेब्रँड घटक हे रक्त थांबवण्यासाठी लागणारे लांबलचक प्रथिन. अरुंद झडपेतून रक्त जोराने घुसताना ते ताणले जाऊन उलगडते आणि रक्तातलेच एक विकर त्याचे तुकडे करते. आखूड झालेले प्रथिन प्लेटलेट नीट धरून ठेवत नाही. प्लेटलेटची संख्या आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) हे नेहमीचे रिपोर्ट मात्र ठीक येतात.

अरुंद झडप आणि रक्तस्राव यांच्या या जोडीला हाइडचा विकार म्हणतात. तो निसटतो तो लक्षणांच्या सरमिसळीमुळे. चालताना दम लागणे, छातीत भरून येणे, डोळ्यांपुढे अंधारी ही रक्तक्षयाचीही लक्षणे आणि झडपेचीही. रक्त कमी आहे म्हणून दम लागतो, इथेच सगळे थांबतात. छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, वरच्या बाजूस स्टेथोस्कोप ठेवला तर मानेकडे जाणारी खरखरीत मरमर ऐकू येते. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला की प्रश्न मिटतो. झडप बदलल्यावर बहुतेकांचा रक्तस्राव थांबतो, आतड्याला हातही न लावता. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, म्हणून इथे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली जैविक झडप बरी.

द्यूलाफॉयच्या विकृतीत जठराच्या वरच्या भागात अस्तरालगत १ ते ३ मिलिमीटर जाडीची, वाजवीपेक्षा मोठी धमनी असते. व्रण नसताना ती अचानक भळाभळा वाहते आणि आपोआप थांबते. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीत सगळे स्वच्छ! रक्त वाहत असतानाच पाहिले तर ती सापडते आणि क्लिप लावता येते. म्हाताऱ्या बायकांत, विशेषतः यकृत कठीण झालेल्यांत, जठराच्या खालच्या टोकाला लाल पट्टे उठून महिनोन्‌महिने रक्त झिरपते. जठराचा भाग छातीत सरकलेला असेल तर छाती आणि पोट यांमधला पडदा दाबतो तिथे उभे ओरखडे पडतात. त्यांना कॅमेरॉनचे व्रण म्हणतात. नाकाचा घोळणा वारंवार फुटणे आणि ओठ-जिभेवर लाल ठिपके ही ऑस्लर-वेबर-रेंडू या आनुवंशिक विकाराची खूण. त्यातला पोटातला रक्तस्राव बहुधा पन्नाशीच्या आसपास सुरू होतो.

महाधमनीच्या फुगवट्यावर कृत्रिम नळी बसवलेली असेल तर मात्र वाट पाहायची सोय नाही. नळी आणि आतडे यांत भोक पडले की आधी थोडेसे रक्त जाऊन थांबते, आणि काही तासांत किंवा दिवसांत जीवघेणा लोंढा येतो. अशा वेळी तातडीची सीटी अँजिओग्राफी करतात.

लहान आतडे आतून पाहण्याची सोय २००१ च्या सुमारास झाली. सुमारे २६ मिलिमीटर लांबीची कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळली की ती काही तास फोटो काढत पुढे सरकते. आतडे क्षयाने किंवा वेदनाशामकांनी अरुंद झाले असेल तर ती अडकते, म्हणून आधी तशी शंका फेडून घेतात. त्याच वर्षी जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांची दुर्बीण मांडली. तिच्यातून उपचारही करता येतात.

सापडलेला पुंजका आर्गॉन वायूच्या साहाय्याने जाळतात, पण नवे पुंजके उठत राहतात. ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने काहींना लागू पडतात. थॅलिडोमाइड या औषधाने लहान आतड्यातील अँजिओडिसप्लेजियाचा पुन्हा होणारा रक्तस्राव घटतो, असे २०२३ मध्ये चीनमधील चाचणीत दिसले. मात्र त्याने हातापायांच्या नसा बिघडतात, म्हणून मधुमेहाने आधीच पाय बधिर झालेल्या रुग्णाला ते देताना हात आखडता घ्यावा लागतो.