चोक (मत्स्यपेटीच्या दिव्याचा) : बसवण्याची जागा

मत्स्यपेटीवरच्या ट्यूबलाइटचा प्रवाह आवरून धरणारे उपकरण म्हणजे चोक. ट्यूबमधल्या वायूतून वीज वाहू लागली की तिचा रोध घटत जातो आणि प्रवाह बेसुमार वाढू पाहतो. त्याला चोक मर्यादा घालतो. ३६ वॉटच्या ट्यूबचा तांब्याच्या वेटोळ्याचा चोक २३० व्होल्टवर चालताना स्वतःच आठ-दहा वॉट उष्णता बाहेर टाकतो. इलेक्ट्रॉनिक चोक त्या मानाने थंड राहतो, पण त्यातले कपॅसिटर उष्णतेला हळवे असतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या घरात तर संध्याकाळनंतरही खोली निवत नाही. अशा वेळी पेटीच्या लाकडी झाकणातच चोक ठोकला, तर त्याची उष्णता कोंडते आणि खालच्या पाण्यात उतरते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर ७.५ च्या आसपास. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते. झाकणाखाली वाफही सतत धरते. हवेच्या पंपाचे बुडबुडे फुटून उडालेले थेंब चोकच्या टर्मिनलवर वाळतात. बोअरचे जड पाणी असेल तर तिथे पांढरा खरपुडा चढतो, आत स्क्रू गंजतो आणि जोड सैल होऊन तापतो. तयार पेटीबरोबर चोक झाकणातच बसवून मिळत असला, तरी तो काढून बाहेर घ्यावा.

सर्वांत चांगली जागा पेटीच्या बाजूची भिंत. काचेपासून हातभर लांब, पाण्याच्या पातळीहून वर आणि पेटीच्या थेट डोक्यावर नाही. भिंतीत गिट्ट्या ठोकून लहान पाटी बसवावी आणि पाटीवर चोक उभा कसावा. पाटी व भिंत यांत बोटभर फट ठेवली की मागूनही हवा खेळते. तांब्याचा चोक गुणगुणतो. पाटीच्या स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले की भिंत त्याला साथ देत नाही. ट्यूब बसवलेल्या पट्टीकडून येणारी वायर चोककडे सरळ नेऊ नये. ती आधी चोकच्या खालपर्यंत लोंबू द्यावी, मग वर घ्यावी. वायरवरून ओघळणारा थेंब त्या वळशाच्या तळाशी येऊन जमिनीवर पडतो, चोकमध्ये शिरत नाही. प्लगच्या वायरलाही असाच वळसा हवा. लोखंडी पट्टीला अर्थिंग आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच), यांत काटकसर करू नये. पेटीत हात घालताना प्लग काढावाच.

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग असतात, तिथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. मागावरून उडणारी सुताची पिंज कोपऱ्याकोपऱ्यात साचते आणि गरम चोकवर तिचा मऊ राखाडी थर बसतो. उष्णता आत अडकते आणि ठिणगी पडली तर कापूस पेटायला वेळ लागत नाही. अशा घरात चोक कपाटाच्या माथ्यावर किंवा छताजवळ नको. छाती-खांद्याच्या उंचीवर, रोज नजर पडेल असा हवा. महिन्यातून एकदा वीज बंद करून, चोक निवल्यावर, कोरड्या ब्रशने झाडावा.

स्टँडखालचे कपाट नीटनेटके दिसते, पण गळती झाली की पाणी तिथेच उतरते. दुसरा इलाज नसेल तर चोक तळाशी न ठेवता कपाटाच्या आतल्या बाजूला उंचावर कसावा आणि कपाटाची मागची फळी काढून टाकावी.

इलेक्ट्रॉनिक चोक ट्यूबला वीस हजार हर्ट्झच्या वरचा प्रवाह देतो, त्यामुळे त्याची ट्यूबकडची वायर साधारण मीटरभरातच ठेवावी. तांब्याच्या चोकला हे बंधन नाही. एलईडी पट्टीला चोक नसतो, पण तिला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हरही उष्णता व ओल यांनीच मरतो. त्याची जागाही बाजूच्या भिंतीवरच.